आवाजाची मर्यादा आणि गायकीचा विस्तार

थोर संगीतकाराला थोर गळा असावाच लागतो का, हा प्रश्न महाराष्ट्रातील संगीतविचारात निरनिराळ्या रूपांनी सतत उपस्थित होत आला आहे. कधी तो घराण्यांच्या तुलनेच्या ओघात येतो, कधी एखाद्या गायकाच्या उतारवयातील मैफलीविषयी बोलताना, तर कधी मुलाला गाण्याच्या शिकवणीला घालावे की नाही, अशा घरगुती निर्णयाच्या वेळी. त्याला सामान्यतः दोन ठरीव उत्तरे दिली जातात. गळा ही जन्मजात देणगी असून ती नसेल तर बाकीचे कष्ट वाया जातात, हे पहिले; आणि रियाजापुढे काहीही अशक्य नाही, हे दुसरे. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत, कारण गेल्या दीडशे वर्षांत मराठी मुलखात आणि त्याच्या सीमाभागात जी गायकी घडली, तिची काही सर्वांत मौलिक वळणे बसलेल्या, फुटलेल्या किंवा आजाराने खचलेल्या आवाजांतून निघालेली आहेत. आणि त्याच वेळी, ज्यांचा सूर पक्का नव्हता अशा कोणालाही या परंपरेने थोर म्हटलेले नाही.

प्रश्नाचा गुंता बराचसा असा आहे की, ‘आवाज चांगला आहे’ असे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात अनेक वेगवेगळे गुण एकत्र झालेले असतात. नादाची जात, म्हणजे आवाज गोड, जड, पातळ किंवा घोगरा असणे, हा एक गुण. पल्ला, म्हणजे मंद्र सप्तकातील खालच्या स्वरांपासून तार सप्तकापर्यंत आवाज किती पोचतो, हा दुसरा. फिरत, म्हणजे ताना-हरकती घेताना गळा किती चपळ वळतो, हा तिसरा. आणि दमसास, म्हणजे एका श्वासात किती लांब आलाप पेलता येतो, हा चौथा. या चारही गोष्टी मोठ्या प्रमाणात शरीरावर अवलंबून असतात. त्यांच्याहून वेगळा असतो तो लगाव, म्हणजे स्वर उच्चारण्याची, गायकांच्या भाषेत ‘आवाज लावण्याची’ पद्धत, जी गुरूकडून मिळते आणि रुचीने घडते. सुरेलपणा तर या सर्वांहून निराळा आहे, कारण त्याचे मूळ गळ्यापेक्षा कानात असते. गोड आवाजाचा माणूस बेसूर असू शकतो आणि खरखरीत आवाजाचा माणूस काटेकोर सुरेल. पुढील विवेचनात ‘थोर गळा’ हा शब्दप्रयोग पहिल्या चार गुणांपुरताच वापरला आहे.

या विषयाचा एक जुना आणि नेमका विचार महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला, ही गोष्ट अभ्यासकांकडूनही पुरेशा आग्रहाने सांगितली जात नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा संस्कृत ग्रंथ रचला, त्याच्या ‘प्रकीर्णक’ नावाच्या तिसऱ्या अध्यायात आवाजाचे खाहुल, नाराट, बोंबक आणि मिश्रक असे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांचा संबंध आयुर्वेदातील कफ, पित्त व वात या दोषांशी आणि त्यांच्या मिश्रणाशी जोडला आहे. त्याच अध्यायात ‘शारीर’ ही संकल्पना येते. अभ्यास नसतानाही राग व्यक्त करण्याचे सामर्थ्य ज्या आवाजात उपजत असते, शरीराबरोबरच जो जन्माला येतो, तो आवाज म्हणजे शारीर. म्हणजे जन्मजात गळ्याचे मोल शार्ङ्गदेवाने पूर्णपणे मान्य केले आहे, इतकेच नव्हे तर विद्यादान, तप, शिवभक्ती आणि मोठे भाग्य यांमुळे असा आवाज लाभतो, असेही तो म्हणतो. परंतु वाग्गेयकाराचे, म्हणजे पद आणि स्वररचना दोन्ही करणाऱ्या संगीतकाराचे गुण सांगताना व्याकरण, छंद, अलंकार, रसभाव, देशोदेशींच्या भाषा, लय-ताल अशी जी लांबलचक यादी तो देतो, तिच्यात मनोहर आवाज हा अनेकांपैकी केवळ एक गुण आहे. गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक असे पाच प्रकार त्याने केले, त्यांपैकी एकही आवाजाच्या जातीवरून केलेला नाही. त्याने सांगितलेले गायकाचे पंचवीस दोष पाहिले तर हे अधिकच स्पष्ट होते. कावळ्यासारखा कर्कश आवाज किंवा नाकातून गाणे असे नादाशी निगडित दोष त्यांत आहेत खरे. परंतु दात आवळून गाणे, भीत भीत गाणे, तोंड भयंकर वासणे, मान वाकडी करणे, डोळे मिटून घेणे, ताल सोडणे, अवधान नसणे असे, सवयीशी आणि चित्ताशी संबंधित असलेले दोष त्यांच्याहून कितीतरी अधिक आहेत. थोडक्यात, निसर्गाने न दिलेल्या गोष्टीबद्दल गायकाला दोष देण्याची शार्ङ्गदेवाला फारशी इच्छा नव्हती.

हिंदुस्थानी संगीताच्या रचनेतच या उदारतेला जागा आहे. युरोपीय ऑपेरात स्वरलिपीत लिहिलेल्या ठरावीक उंचीवरच गावे लागते, समोर पूर्ण वाद्यवृंद असतो आणि त्याच्यावरून आवाज भव्य नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ध्वनिवर्धकाशिवाय पोचवायचा असतो. त्यामुळे तिथे अमुक एका ताकदीचा आवाज ही प्रवेशाचीच अट ठरते. ख्यालगायकाची गोष्ट वेगळी आहे. त्याचा षड्ज स्थिर नसून तो स्वतःच्या गळ्याला मानवेल ती पट्टी निवडतो. हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून बोलण्याच्या रूढीप्रमाणे कोणी पुरुष काळी एकमध्ये गातो तर कोणी स्त्री काळी चार किंवा पाचमध्ये, आणि तानपुरे त्याप्रमाणे जुळवले जातात. रागाची बढत किती सावकाश करायची, श्वास कुठे घ्यायचा, तार सप्तकात किती वेळ थांबायचे, तानांना किती वाव द्यायचा, हे सारे त्याच्याच हाती असते, कारण बंदिश म्हणजे दोन-चार ओळींचा सांगाडा असतो आणि बाकीचे गाणे मैफलीत उभे राहते. या स्वातंत्र्यामुळेच मर्यादित गळ्याचा गायक आपल्या मर्यादेभोवती संपूर्ण शैली उभारू शकतो. ऑपेरात अशा गायकाला भूमिकाच मिळाली नसती.

या प्रक्रियेचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६). त्यांचे नातू अजीजुद्दीनखाँ यांनी टिपून ठेवलेल्या आठवणींत खुद्द खाँसाहेबांनीच सांगितले आहे की, आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात तेथील अधिपतीच्या आग्रहामुळे त्यांना दिवसचे दिवस अखंड गावे लागले, त्यात त्यांचा आवाज पार बसला आणि तो पुढे पूर्वीसारखा कधीच झाला नाही. तरुण वयात, घराण्याची विद्या हाती आलेली असताना आणि दरबारी नोकरी हाच उपजीविकेचा मार्ग असताना हे घडले. जो आवाज परत आला तो जाडसर होता. दीर्घ, संथ, मिंडयुक्त आलापीत केवळ नादमाधुर्यावर श्रोत्याला बांधून ठेवणे आता त्याच्याकडून होण्यासारखे नव्हते. तेव्हा त्यांनी गाण्याचा भार गळ्याच्या गोडव्यावरून बुद्धीच्या बांधणीवर सरकवला. मोकळा आकार, लयीच्या प्रत्येक मात्रेशी सतत ठेवलेला संबंध, एकातून एक उलगडत जाणाऱ्या पेचदार ताना, आणि ज्यांना ‘अनवट’ म्हणतात अशा दुर्मीळ व जोड रागांचा व्यासंग, अशी ती गायकी घडली. १८९५ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने खाँसाहेब कोल्हापूरला स्थिरावले आणि ही गायकी महाराष्ट्राची झाली.

आवाज गेला म्हणून गायकी घडली, असे सरळ समीकरण मांडणे मात्र धाडसाचे ठरेल. त्या काळी अनेक गवयांचे आवाज बसले असतील आणि त्यांतून काहीही निर्माण झाले नसेल. अल्लादियाखाँ यांच्याजवळ आवाज बसण्यापूर्वीच पिढीजात बंदिशींचा आणि रागांचा प्रचंड साठा होता. आवाजाच्या हानीने त्या साठ्याकडे वेगळ्या नजरेने पाहणे त्यांना भाग पाडले, एवढेच म्हणता येते. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. मर्यादित आवाजासाठी घडलेली ही गायकी १९२१ पासून त्यांच्याकडे शिकलेल्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांच्या गळ्यात गेली, आणि केसरबाईंचा आवाज म्हणजे घनदाट, निकोप, तिन्ही सप्तकांत सारख्याच वजनाने फिरणारा असा होता, की थोर गळा कशाला म्हणावे हे दाखवण्यासाठी आजही त्यांच्याच ध्वनिमुद्रिका लावल्या जातात. त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील तबकडीत समाविष्ट आहे. तीच गायकी मल्लिकार्जुन मन्सूर (१९१०–१९९२) यांनी मंजीखाँ आणि भुर्जीखाँ या अल्लादियाखाँच्या पुत्रांकडून घेतली. त्यांचा आवाज उतारवयात बारीक झाला, फुप्फुसाच्या आजाराने श्वास तोकडा पडू लागला, आणि तरी त्यांची सर्वांत श्रेष्ठ मानली जाणारी ध्वनिमुद्रणे बव्हंशी याच काळातील आहेत. रागाचे रूप पहिल्या दोन-तीन स्वरसंगतींतच ठसठशीत उभे करायचे आणि मग क्षणभरही न रेंगाळता पुढे जायचे, ही त्यांची रीत केसरबाईंच्या भव्यतेहून वेगळी आहे, परंतु तिला कमी म्हणण्याचे धाडस कोणी जाणकार करणार नाही.

आवाज आणि शैली यांच्या नात्याचा सिद्धान्त मराठीत सर्वांत ठामपणे मांडला तो वामनराव देशपांडे यांनी. व्यवसायाने हिशेबतपासनीस असलेल्या देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाचे प्रतिपादन असे की, प्रत्येक घराण्याची शैली ही मुळात त्याच्या संस्थापकाच्या आवाजधर्मातून निघते. स्वर आणि लय या दोन टोकांमध्ये घराणी आपापल्या जागा घेतात, त्यांपैकी किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि जयपूर दोहोंच्या समतोलावर येते. किराणा घराण्याचे अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७), जे मिरजेत स्थायिक झाले होते, त्यांचा आवाज बारीक, चढा आणि अतिशय टोकदार सुरेल होता. एकेका स्वरावर थांबून तो भरत नेण्याची त्यांची बढत त्या आवाजातून आली, हे पटण्यासारखे आहे. आग्र्याच्या फैयाजखाँ यांचा भरदार, खर्जातला आवाज आणि बोलतानांचा ठोसदारपणा यांचाही तसाच मेळ बसतो.

हा सिद्धान्त संस्थापकांच्या बाबतीत जितका खरा वाटतो तितका शिष्यांच्या बाबतीत टिकत नाही, आणि किराणा घराणेच त्याचा पुरावा आहे. अब्दुल करीमखाँ यांचे प्रमुख शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व (१८८६–१९५२), यांचा आवाज वयात येताना फुटला आणि त्यानंतर तो कायम कष्टसाध्य राहिला. मैफलीच्या आरंभी तो खरखरत असे, हळूहळू तापत असे आणि मग एकदा खुलला की श्रोते भारावून जात. त्यांच्या शिष्यांत फिरोज दस्तूर यांचा गळा अब्दुल करीमखाँच्या वळणाचा, नाजूक आणि गोड, तर भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचा आवाज घुमणारा, प्रचंड ताकदीचा, तीन-तीन तास श्रोत्यांवर कोसळत राहणारा. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) यांचे उदाहरण तर अधिकच विलक्षण आहे. त्यांच्या तरुणपणच्या ध्वनिमुद्रिकांत आवाज बारीक आणि चढा ऐकू येतो. पुढे घशाच्या विकारावर उपचार झाले, त्यानंतर तो इतका खाली उतरला आणि जाड झाला की केवळ ऐकणाऱ्याला पुरुष गात असल्यासारखे वाटे. त्यांनी पूर्वीचा आवाज परत आणण्याचा अट्टहास केला नाही. पट्टी उतरवली, ठुमरी-गझलेसारखी नाजूक अंगे सोडली आणि ख्यालाच्या संथ, गंभीर बढतीला त्या नव्या आवाजाचे वजन दिले. एकाच गुरूच्या हाताखाली इतके भिन्न गळे एकाच घराण्याचे म्हणून ओळखले जातात, याचा अर्थ असा की शिष्याकडे जे जाते ते आवाज नव्हे, तर स्वराकडे जाण्याची पद्धत.

कुमार गंधर्वांच्या (१९२४–१९९२) बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे लहानपणीच थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत, आणि त्या अद्भुत अनुकरणशक्तीमुळेच त्यांना ‘कुमार गंधर्व’ ही पदवी मिळाली. मुंबईत प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. विशीत असताना क्षयाने गाठले. १९४८ च्या आरंभी ते माळव्यातील देवास येथे राहण्यास गेले आणि सुमारे पाच वर्षे त्यांना गाण्याची सक्त मनाई होती. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेले होते. लांब दमसासाची, एका श्वासात सबंध आवर्तन व्यापणारी तान आता त्यांच्या आवाक्यात नव्हती.

त्यांनी काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांचा आलाप छोट्या छोट्या स्वरवाक्यांत येतो. एक वाक्य पूर्ण आवाजात झेपावते, त्याच्यामागून येणारे अगदी हळुवार, जवळजवळ कुजबुजल्यासारखे, आणि दोहोंच्या मध्ये जी शांतता राहते ती केवळ श्वास घेण्याची जागा न राहता गाण्याचाच भाग बनते. विलंबितापेक्षा मध्यलयीकडे त्यांचा ओढा दिसतो. देवासच्या त्या सक्तीच्या मौनात त्यांनी माळव्यातील लोकगीते कान देऊन ऐकली, त्यांच्या धुनांतून ‘धुनउगम’ राग घडवले आणि ‘अनूपरागविलास’ (१९६५) मध्ये आपल्या बंदिशी संगृहीत केल्या. नाथपंथी गायकांच्या निर्गुणी भजनांतून त्यांना मोकळा, टोकदार, पोकळीत फेकल्यासारखा स्वरलगाव सापडला. आता, ही तोकडी वाक्ये केवळ तोकड्या श्वासाचे फळ आहेत का? काही समीक्षकांनी तसे मानले आहे, आणि शरीराच्या अंगाने ते खरेच आहे. परंतु तेवढ्याने हे कळत नाही की तोकड्या श्वासाचे दुसरे कित्येक गायक केवळ थकल्यासारखे का वाटतात. कुमारांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम केला, तेव्हा ज्यांचा गळा महाराष्ट्राने गोडव्याची परमावधी मानला त्या नारायणराव राजहंस तथा बालगंधर्व (१८८८–१९६७) यांची पदे त्यांनी निवडली. लहानपणी जो मुलगा कोणाचाही आवाज हुबेहूब काढत असे, त्याने इथे बालगंधर्वांच्या आवाजाची नक्कल जाणीवपूर्वक टाळली आणि त्यांच्या लयीतील लपंडाव, शब्दावर रेलून पुन्हा सावरणारी जागा, स्वराला दिलेला हलका स्पर्श, हे सारे स्वतःच्या वेगळ्या गळ्यातून उकलून दाखवले. बालगंधर्वांचे मोठेपण त्यांच्या गळ्याहून सुटे करून दाखवता येते, याचा याहून चोख पुरावा मराठी संगीतात दुसरा नसावा.

किशोरी आमोणकर (१९३१–२०१७) यांचाही आवाज पंचविशीच्या सुमारास गेला आणि सुमारे दोन वर्षे त्या गाऊ शकल्या नाहीत. आयुर्वेदिक उपचारांनी तो परत आला. आई मोगूबाई कुर्डीकर यांच्याकडून मिळालेली जयपूरची लयबद्ध, घट्ट वीण त्यांनी पुढे सैल केली आणि रागाच्या भावावर केंद्रित झालेली दीर्घ आलापी तिच्यात आणली. त्यांचा आवाज परतल्यावर पुन्हा समृद्धच होता, म्हणून त्यांची गोष्ट कुमारांच्या गोष्टीशी एकाच दावणीला बांधणे योग्य नाही. मौनाने त्यांना मर्यादा दिली नाही, विचाराला अवधी दिला.

या सर्व उदाहरणांना एक गंभीर उणी बाजू आहे. इतिहास ज्यांची नोंद ठेवतो ते आवाज गमावूनही उभे राहिलेले लोक असतात. जे उभे राहू शकले नाहीत त्यांची नावे कोठेही सापडत नाहीत. संगीत नाटकाच्या काळात ही किंमत विशेष मोठी होती. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून नाटक कंपन्यांना कोवळ्या, चढ्या आवाजाच्या मुलांची गरज पडू लागली. ध्वनिवर्धक नसलेल्या थिएटरात पिटापर्यंत पोचणारा, वन्समोअर झेलणारा गळा ही तिथे खरोखरच अट होती. मुलाचा आवाज फुटला की त्याचे कंपनीतले स्थान धोक्यात येई. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्यावर हाच प्रसंग आला. किर्लोस्कर कंपनीतील बालनट म्हणून नावाजलेले असताना आवाज फुटल्याने त्यांना ते क्षेत्र सोडावे लागले, आणि मग बडोद्याचे फैज महंमदखाँ, आग्र्याचे नथ्थनखाँ आणि शेवटी अल्लादियाखाँ अशा तीन वेगवेगळ्या परंपरांत वर्षानुवर्षे शिकून ते परतले. १९११ मध्ये त्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली आणि १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या. ज्या रंगभूमीने फुटलेल्या आवाजामुळे त्यांना बाहेर काढले, तिच्यावरच्या सर्वांत गोड गळ्यासाठी, बालगंधर्वांसाठी, त्या होत्या. परंतु भास्करबुवांबरोबरच आवाज फुटलेल्या इतर मुलांचे पुढे काय झाले असेल, हा विचार या क्षेत्राच्या अभ्यासकाने कधीही दृष्टीआड होऊ देऊ नये.

संगीतकार आणि गायक हे शब्द समानार्थी नसल्यामुळे प्रश्नाचा आणखी एक भाग तुलनेने लवकर सुटतो. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मैफलीचे गायक नव्हते, तरीही मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’च्या चार भागांनी साऱ्या उत्तर भारताचे संगीतशिक्षण बदलले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर (१९००–१९७४) यांना उत्तरायुष्यात आवाजाने साथ दिली नाही; सामान्य श्रोता त्यांच्यापासून दुरावला, पण के. जी. गिंडे, एस. सी. आर. भट, दिनकर कैकिणी यांच्यासारखे शिष्य आणि शेकडो बंदिशी त्यांनी मागे ठेवल्या. ‘गुणीदास’ या नावाने रचना करणाऱ्या जगन्नाथबुवा पुरोहित यांनी जोगकंस हा राग दिला आणि जितेंद्र अभिषेकी, सी. आर. व्यास, राम मराठे यांना शिकवले. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमान’च्या चाली हार्मोनियमवर बसून बांधल्या. श्रीनिवास खळे यांनी स्वतःच्या गळ्याची फिकीर न करता लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांच्या गळ्यांतून जे करून घेतले ते सर्वश्रुत आहे. या सर्वांच्या कानात एक पूर्ण, निर्दोष आवाज सतत वाजत असला पाहिजे. तो स्वतःच्या गळ्यात उतरत नव्हता, म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात उतरवण्याची विद्या त्यांनी अधिक काळजीने कमावली, असा तर्क करता येतो.

शास्त्रीय मैफलीच्या बाहेर, जिथे गाणे ही एका व्यक्तीची मालमत्ता नसते, तिथे प्रश्नाचे स्वरूपच पालटते. शार्ङ्गदेवाने एकल, यमल आणि वृंद असे गायकांचे आणखी एक वर्गीकरण केले होते. एकट्याने गाणारा, जोडीने गाणारा आणि समूहात गाणारा. यांतील वृंदगायनाची जिवंत परंपरा पाहण्यास पिंपरी-चिंचवडच्या उत्तर टोकाकडील तळवडे परिसरासारखी जागा शोधून सापडणार नाही. इंद्रायणीकाठचे हे गाव देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान आहे. आज त्याच्या शिवारात लघुउद्योगांच्या शेड आणि आयटी पार्क उभे आहेत, रस्त्यावर चाकणकडे जाणाऱ्या कंटेनरांची रांग असते, परंतु सप्ताह, हरिपाठ, काकडा आणि एकादशीचे भजन यांचा क्रम मोडलेला नाही. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांनी आपापल्या गावच्या चालीही या पट्ट्यात आणल्या आहेत.

वारकरी भजनात वीणेकरी मध्ये उभा असतो, टाळकरी दोन्ही बाजूंना रांग धरतात आणि मृदंगाच्या साथीने एकाने चरण घेतला की बाकीचे पालुपद उचलतात. पट्टी चढी ठेवली जाते, कारण उघड्यावर, टाळांच्या गजरावरून शब्द पोचवायचा असतो. इथे एखाद्याचा आवाज खरखरीत असेल तर तो समूहाच्या आवाजात मिसळून त्याला वजन देतो. एखाद्याचा दम पुरत नसेल तर शेजारचा ओळ पुरी करतो. मात्र टाळ चुकलेला चालत नाही आणि चाल मध्येच ढासळलेली चालत नाही. त्याहून महत्त्वाची आहे ती वारकरी कीर्तनातील श्रमविभागणी. नारदीय कीर्तनात निरूपण आणि गायन दोन्ही कीर्तनकारालाच पेलावे लागते, तर वारकरी कीर्तनात त्याच्या मागे गायनाचार्य आणि टाळकरी उभे असतात; कीर्तनकाराने अभंगाचा चरण नुसता सुचवला की ते तो सुरात उचलतात. त्यामुळे आवाज बसलेला, पण अभंगाचा अर्थ तळहातावर ठेवल्यासारखा उलगडणारा कीर्तनकार इथे अडत नाही. १९१७ मध्ये विष्णुबुवा जोग यांनी आळंदीस स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेपासून या पद्धतीला शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप मिळाले. थोर गळ्याची गरज इथे नाकारलेली नाही. ती एका माणसाच्या अंगावरून काढून अनेकांत वाटून दिली आहे, आणि सामूहिक संगीताने दिलेले हे उत्तर मैफलीच्या परंपरेने अधिक गांभीर्याने पाहायला हवे होते.

प्रश्नाची व्यावहारिक बाजू शिक्षणाची आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे. बी. आर. देवधर यांनी आणि पुढे डॉ. अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी आवाजसाधनेचा शास्त्रशुद्ध विचार मराठीत मांडला. श्वास, कंठातील स्वरतंतू आणि मुखातील पोकळ्या यांचे कार्य समजून घेऊन प्रत्येक आवाज त्याच्या प्रकृतीप्रमाणे घडवावा, ही त्यामागची दृष्टी. प्रत्यक्षात अनेक वर्गांत सर्व मुले गुरुजींच्या किंवा हार्मोनियमच्या एकाच पट्टीत गातात, त्यात मुलींचे आवाज खाली दाबले जातात आणि मुलांचे वर ताणले जातात. दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धांनी, विशेषतः २००८–०९ मध्ये गाजलेल्या ‘लिटिल चॅम्प्स’नंतर, न फुटलेल्या आवाजाचे कौतुक घरोघर पोचवले, पण त्या आवाजाचे पुढे काय करायचे हे कोणी सांगितले नाही. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका-मध्यमा परीक्षांना बसणारी मुले नेमकी याच वयाची असतात, आणि पुष्कळ मुलगे याच टप्प्यावर, आवाज गेला असे समजून, गाणे सोडतात.

जाणता शिक्षक या काळात मुलाला गप्प बसवत नाही. आवाज जसजसा खाली सरकेल तसतशी पट्टी दर काही महिन्यांनी उतरवतो, तार सप्तकाचा हट्ट सोडून पहाटे अगदी हलक्या आवाजात खर्जाचे स्वर भरून घेतो, आणि जो वेळ तानांत गेला असता तो तानपुरा जुळवण्यात, तबल्याचे ठेके हातावर मोजण्यात आणि बंदिशींचा साठा वाढवण्यात घालवतो. वर्ष-दीड वर्षात नवा आवाज स्थिर होतो; तो पूर्वीइतका गोड असेलच असे नाही, परंतु त्याच्यात काय गाता येईल याचा अंदाज मुलाच्या कानाला आलेला असतो.